वैमानिक आजीची ट्रंक फोनवर कशी जपायची?

१९३६ साली सरला ठकराल यांनी वयाच्या २१व्या वर्षी, साडी नेसून, जिप्सी मॉथ विमान एकटीने उडवलं. पुढे चंदा सावंत-बुधभट्टी यांनी भारतातल्या महिला वैमानिकांना एका संघटनेत आणलं. अशी नावं सर्च केली की चार ओळी मिळतात. बाकीचं आयुष्य घरातल्या ट्रंकेत असतं: पत्रं, फोटो आणि लॉगबुक.

लॉगबुक म्हणजे वैमानिकाची उड्डाणवही. तारीख, विमान, त्याचा व्हीटीने सुरू होणारा नंबर, कुठून कुठे, शिक्षक सोबत की एकटी, किती वेळ. एका ओळीत एक अख्खं उड्डाण!

आधी ट्रंक खाली आणा
आमच्या सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. माळ्यावरच्या उष्णतेनं कागद पिवळा पडतो, मोडायला लागतो.

फोटो काढताना
खिडकीजवळ बसा, फ्लॅश बंद ठेवा, फोन पानाला समांतर धरा. पूर्ण पान कडांसकट घ्या. फोटोची मागची बाजूही टिपा, नावं बहुधा तिथेच असतात. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका.

माझी चूक सांगतो. आत्याचा अल्बम मी घाईत टिपला, कडा क्रॉप केल्या, फॅमिली ग्रुपवर टाकला आणि फोनमधले मूळ फोटो डिलीट केले. ग्रुपवरचे फोटो बारीक झालेले. झूम केलं तरी खालची नावं वाचता येईनात. विचारायला आत्या उरली नव्हती. म्हणून फाइल 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवा.

नाव आणि प्रती
फाइलला वर्ष, वस्तू, पान असं नाव द्या: '१९३६-लॉगबुक-१४'. तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. उदाहरणार्थ फोन, हार्डडिस्क, क्लाउड.

मूळ कागद मात्र टाकू नका. अमेरिकेतली 'साउथ एशियन अमेरिकन डिजिटल अर्काइव्ह' ही संस्था २००८ पासून कुटुंबांकडच्या वस्तू स्कॅन करते आणि मूळ वस्तू त्यांच्याकडेच राहू देते.

आणि शेवटचं: आजी समोर असेल तर आजच व्हॉइस रेकॉर्डर सुरू करा, एकेक फोटो दाखवा आणि विचारा, "ही कोण गं?" ते उत्तर कुठल्याही स्कॅनमध्ये येत नाही.