टाकीतली वाफ जाते कुठे?

गाडीचं प्रदूषण म्हटलं की नजर सायलेन्सरकडे जाते. पण इंजिन बंद करून उन्हात उभी केलेली पेट्रोलची गाडीही हवा बिघडवू शकते. ऊन चढतं तशी टाकीतल्या पेट्रोलची वाफ होते, दाब वाढतो. रात्री गारव्याने तीच टाकी बाहेरची हवा आत ओढते. त्यामुळे हवेच्या येण्याजाण्याला वाट ठेवावीच लागते.

पूर्वी ही वाट सरळ मोकळ्या हवेत उघडायची. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलटेकचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी लॉस एंजेलिसच्या धुरक्याचं कोडं उलगडलं. हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. पेट्रोलची वाफ म्हणजे हायड्रोकार्बनच. कॅलिफोर्नियाने १९७० च्या मॉडेलपासून या वाफेवरही बंधन आणलं.

उपाय निघाला कोळशाचा. टाकीच्या वाटेवर सक्रिय कोळशाने भरलेला डबा, म्हणजे कॅनिस्टर, बसवतात. या कोळशात इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्याही पुढे जातो. पेट्रोलचे रेणू त्याला चिकटून राहतात, हवा तेवढी बाहेर पडते.

मग डबा भरत कसा नाही? गाडी चालू होऊन इंजिन तापलं की गाडीतला संगणक डबा आणि इंजिन यांच्यामधली झडप, म्हणजे पर्ज व्हॉल्व, उघडतो. इंजिनाच्या ओढीने ताजी हवा कोळशातून वाहते, अडकलेली वाफ सोबत घेते आणि ती वाफ सिलिंडरमध्ये जळते. ऑक्सिजन सेन्सरला हे जादा इंधन जाणवतं, तेवढं पेट्रोल इंजेक्टर कमी सोडतो. थोडक्यात, उभ्या गाडीत साठलेलं चालत्या गाडीत खर्ची पडतं. गाडी महिनाभर हललीच नाही, तर मात्र कोळशाची क्षमता संपते.

भारतातही नव्या मॉडेलच्या गाडीला सीलबंद खोलीत उभं करून, तापमान चढवत-उतरवत तिची वाफ मोजतात. बीएस-६ या उत्सर्जन मानकानुसार कारसाठी मर्यादा आहे चाचणीमागे २ ग्रॅम.

ही यंत्रणा बिघडवण्याचा सोपा मार्ग पेट्रोल पंपावर आहे. नोझल आपोआप बंद झाल्यावरही टाकी गळ्यापर्यंत भरली, तर पातळ पेट्रोल डब्यात शिरू शकतं. वाफेसाठी असलेला कोळसा भिजला की निकामी होतो. राउंड फिगरसाठी वर ओतलेल्या थेंबांपेक्षा नवा कॅनिस्टर फार महाग पडतो.