बारीक पात्याचा नाद

सुताराकडच्या बहुतेक करवतींना दोनच गोष्टी कळतात: सरळ जायचं आणि लवकर जायचं. स्क्रोल सॉ नावाच्या यंत्राला दोन्हींत फारसा रस नाही. त्याचं पातं एका जागी उभं राहून वरखाली होत असतं. फिरतं ते लाकूड. शिलाई मशीनवर कापड फिरवावं तशी दोन्ही हातांनी फळी फिरवत राहायची आणि आखलेली रेघ पात्यापुढे आणत राहायची. पातं जेमतेम पाच इंच लांब. रोजच्या कामाचं पाच नंबरचं पातं घेतलं, तर त्याची रुंदी एक मिलिमीटरच्या आत आणि जाडी सुमारे ०.४ मिलिमीटर. एवढ्या अरुंद पात्याला वळायला जागाच लागत नाही. मोराच्या तुऱ्याचं टोक असो की वेलीचा पीळ, टोकाला पोचायचं, फळी तिथल्या तिथे फिरवायची आणि परतीला लागायचं.

या यंत्राचा दुसरा गुण म्हणजे पात्याची दोन्ही टोकं सोडता येतात. फळीच्या मध्यावर ड्रिलने बारीक भोक पाडायचं, पात्याचं एक टोक सोडवून त्यातून ओवायचं, पुन्हा कसायचं आणि फळीची कड जराही न कापता आतला आकार काढून घ्यायचा. जाळीकाम म्हणजे हेच. नक्षीत शंभर खिडक्या असतील, तर शंभर भोकं आणि शंभर वेळा ओवणं. ज्याला हे ऐकूनच कंटाळा आला, त्याने या वाटेला जाऊ नये. मात्र बाकीच्यांनाही एक प्रश्न पडतोच. हल्ली गल्लोगल्ली लेझर कटिंगची दुकानं झाली आहेत. संगणकावरचं चित्र दिलं की काही मिनिटांत कापून मिळतं. मग हे यंत्र घेऊन बसायचं कशाला?

उत्तर द्यायचं तर आधी या कामाचं घराणं पाहावं लागेल.

दरबारातून दिवाणखान्यात

नक्षी कापून काढण्याची रीत यंत्राहून जुनी आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या पदरी असलेला आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) हा फर्निचरचा कारागीर पितळेचा पत्रा आणि कासवाचं कवच एकावर एक ठेवून दोन्ही एकदम कापत असे. मग पितळेची नक्षी कवचात बसे आणि कवचाची पितळेत. एका कापणीत उलटसुलट दोन संच तयार होत. थरावर थर ठेवून एकदम कापण्याची ही युक्ती हौशी लोक आजही रोज वापरतात.

पुढे १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने नकाशा लाकडी फळीवर चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून कापला. मुलांनी तुकडे जुळवत भूगोल शिकावा, हा हेतू. जिगसॉ पझलचा वंश इथून सुरू होतो.

एकोणिसाव्या शतकात पायाने चालवायची यंत्रं आली आणि हे काम कारखान्यातून घरात शिरलं. अमेरिकेत मोठ्या यंत्रांनी घरांच्या छपरांखाली लाकडी झालरी लावण्याची लाट आणली. इंग्लंडमध्ये १८९५ साली ‘हॉबीज’ नावाचं साप्ताहिक निघालं. नॉरफॉकमधल्या डेरहॅम या गावी त्याच नावाच्या कंपनीचा कारखाना होता. साप्ताहिकाबरोबर नक्षीचा नमुना मिळे आणि तो कापायला लागणारी करवत, लाकूड, पायमशीन सगळं कंपनीच विके. फोटोच्या चौकटी, घड्याळाची घरं, भिंतीवरच्या मांडण्या असा माल मध्यमवर्गीय घरांतून संध्याकाळी तयार होऊ लागला. छंद आणि बाजार एकमेकांना कसे पोसतात, याचा हा नमुनेदार दाखला आहे.

विजेवर चालणारी घरगुती यंत्रं पहिल्या महायुद्धानंतर रुळली. मिलवॉकी शहरात १९१९ साली सुरू झालेली डेल्टा ही त्यातली आघाडीची कंपनी. पण त्या यंत्रांत एक खोट होती. पातं खालून ओढलं जाई आणि वर परत नेण्याचं काम स्प्रिंगवर सोपवलेलं असे. त्यामुळे ताण सारखा राहत नसे आणि बारीक पाती पटापट तुटत. १९७० च्या दशकात जर्मनीच्या हेग्नरने जुन्या पायमशिनांतली कल्पना नव्या अचूकपणाने परत आणली: वर आणि खाली दोन समांतर भुजा, दोन्ही एकदम हलणाऱ्या, आणि त्यांच्यामध्ये कसून ताणलेलं पातं. ताण कायम राहिला, पाती टिकू लागली आणि छंदाला दुसरं आयुष्य मिळालं. आजची चांगली यंत्रं याच तत्त्वावर किंवा त्याच्या सुधारित रूपावर चालतात.

आपल्याकडे या घराण्याची धाकटी पाती म्हणजे शाळेच्या हस्तव्यवसायाच्या तासाला दिसणारी हाताची फ्रेटसॉ. यू आकाराची चौकट, लाकडी मूठ आणि टेबलाच्या कडेला बाहेर काढून बसवलेली, व्ही आकाराची खाच असलेली पट्टी. आज साठीत असलेल्या अनेकांनी तिच्यावर प्लायवूडचा हत्ती किंवा पेनस्टँड कापलेला असतो.

यंत्र घेताना

यंत्राचं माप इंचात सांगतात. सोळा इंची म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंत सोळा इंचांचं अंतर. तेवढी फळी आत फिरू शकते. आपल्या बाजारात हौशी गिऱ्हाइकासाठी मिळणारी यंत्रं बहुधा या मापाची असतात आणि नावाच्या पाट्या, खेळणी, चौकटी यांना ती पुरतात. परदेशात बराच काळ लोकप्रिय असलेलं डिवॉल्टचं डीडब्ल्यू ७८८ हे वीस इंची आहे. ते दोन इंच जाड लाकूड कापतं आणि त्याचा वेग मिनिटाला ४०० ते १७५० फेऱ्यांपर्यंत बदलता येतो.

पण दुकानात इंचांच्या आधी एक प्रश्न विचारावा: पिनेची पाती लागतात की बिनपिनेची? पिनेच्या पात्याला दोन्ही टोकांना आडवी खिळी असते. बसवायला सोपं, पण ती खिळी आत जाण्याएवढं मोठं भोक पाडावं लागतं, म्हणजे नाजूक जाळीकाम बाद. बिनपिनेचं पातं मिलिमीटरभराच्या भोकातूनही ओवता येतं. ज्या यंत्रात फक्त पिनेची पाती बसतात, ते स्वस्त मिळालं तरी घेऊ नये.

दुसरी परीक्षा थरथराटाची. यंत्र जितकं जड, तितकं शांत. सदनिकेत राहणाऱ्यांनी ते भक्कम टेबलाला बोल्टने आवळावं आणि टेबलाच्या पायांखाली रबराचे तुकडे ठेवावेत; खालच्या मजल्यावरचे शेजारी दुवा देतील. ताण बरोबर आहे का, हे कानाने कळतं. पात्याला टिचकी मारली की बारीक, स्वच्छ आवाज यायला हवा. बद्द आवाज आला, तर पातं सैल आहे आणि कापणी रेघ सोडून पळणार.

विजेच्या करवतींत हे यंत्र सर्वांत कमी धोक्याचं मानलं जातं. गोल पात्याच्या करवतीसारखं ते लाकूड अंगावर फेकत नाही. खरा धोका भुशाचा. शिसवाचा बारीक भुसा कातडीला आणि श्वासाला त्रास देतो. एमडीएफचा त्याहून बारीक. मास्क आणि चष्मा ही चैन समजू नये.

पात्याची खोड

नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट चक्रावते. रेघ सरळ आहे, हात सरळ आहे, तरी कापणी उजवीकडे ओढ घेते. दोष हाताचा नसतो. पात्याचे दात पाडताना एका बाजूला धातूची किंचित कोर राहते आणि ती बाजू जास्त कापते. म्हणून फळी नाकासमोर न ढकलता जराशी तिरकी धरून ढकलायची. दोन-चार तासांत हात आपोआप तसा वळतो.

काही पात्यांचे खालचे पाच-सहा दात उलटे, वर तोंड केलेले असतात. त्यामुळे फळीच्या खालच्या बाजूला चिरफळ्या निघत नाहीत. प्लायवूडसाठी हीच पाती घ्यावीत. नमुन्याचा कागद थेट लाकडावर चिकटवू नये. आधी मास्किंग टेप, त्यावर कागद आणि सर्वांत वर पार्सलची पारदर्शक चिकटपट्टी. शेवटच्या पट्टीमुळे पातं कमी तापतं आणि कडा काळ्या पडत नाहीत. क्रमही ठरलेला: आतल्या खिडक्या आधी, बाहेरची कड सर्वांत शेवटी, म्हणजे हाताला धरायला लाकूड उरतं.

पाती गावात मिळत नाहीत, ही नेहमीची तक्रार. अडलंच तर सराफी कारागिरांच्या जाळीकामाची पाती बिनपिनेच्या यंत्रात बसतात. झवेरी बाजारातल्या अवजारांच्या दुकानांत ती असतात. ती धातूसाठी केलेली असल्याने लाकडात सावकाश चालतात, पण पातळ कामाला चालून जातात.

लाकडासाठी वखारीत मोठ्या ओळखीची गरज नाही. सुताराकडच्या उरल्यासुरल्या तुकड्यांत वर्षाचं काम होतं. सागवान दिसायला देखणं. मात्र त्यातल्या सिलिकामुळे पात्याची धार लवकर जाते. फणस पिवळाजर्द, शिवण फिकट, शिसव जांभळट काळा. हे नैसर्गिक रंग हाच या कामातला रंगपेटीचा साठा. तुकड्या-तुकड्यांनी लाकडी चित्र जुळवण्याच्या इंटार्सिया या कलेत रंग लावत नाहीत, लाकूड निवडतात. पंधराव्या शतकात इटलीत उर्बिनोच्या राजवाड्यात फेदेरिको दा माँतेफेल्त्रोची अभ्यासिका अशा कामाने मढवली गेली. आजचे हौशी लोक याच कलेची गुबगुबीत, गोलाई दिलेली आवृत्ती करतात.

काय काय करावं

पहिलं काम बहुतेक जण नावाच्या पाटीचं घेतात, आणि इथे देवनागरी मदतीला धावते. रोमन अक्षरं सुटी असतात. कापली की एकेक वेगळं पडतं. आपली अक्षरं शिरोरेखेला लटकलेली, त्यामुळे अख्खं नाव एका तुकड्यात निघतं. अडचणी वेगळ्या. ‘ग’ आणि ‘ण’ यांचे भाग केवळ शिरोरेखेने जोडलेले असतात, म्हणून ती जाड ठेवावी लागते. ‘व’ला आत एक भोक, ‘ब’ला दोन. अनुस्वाराचा टिंब तर हवेतच असतो. तो शिरोरेखेला टेकवून काढावा, नाहीतर मागे फळी लावून त्यावर चिकटवावा. अक्षरं संगणकावरून तशीच उचलली की पाटी फसते. कापण्यासाठी ती हाताने थोडी जाड करून पुन्हा आखावी लागतात.

स्पिल्सबरीच्या वाटेने जायचं, तर महाराष्ट्राचा ३६ जिल्ह्यांचा नकाशा कापावा. राज्याची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ८०० किलोमीटर. नकाशा ६० सेंटिमीटर रुंद घेतला, तर सर्वांत मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्याचा तुकडा तळहाताएवढा होतो आणि मुंबई शहराचा एक चौरस सेंटिमीटरही भरत नाही. तो उपनगराला जोडूनच ठेवावा. घरात लहान मूल असेल, तर नक्कीच.

तिसरा प्रकार गंमतीचा. चाळीस मिलिमीटरच्या चौकोनी ठोकळ्याच्या दोन लगतच्या बाजूंवर हरणाचा नमुना चिकटवायचा, एक समोरून आणि एक बाजूने. एक बाजू कापायची, निघालेले तुकडे चिकटपट्टीने परत जागच्या जागी बांधायचे, ठोकळा काटकोनात वळवायचा आणि दुसरी बाजू कापायची. पट्टी सोडली की कचऱ्यातून चार पायांचं हरीण बाहेर येतं. बुद्धिबळाची प्यादीही अशीच होतात.

पण यंत्राचा खरा कस लागतो तो जडावाच्या कामात. शिसवात शिवणीचं फूल बसवायचं आहे. सहा-सहा मिलिमीटरच्या दोन फळ्या घ्यायच्या, वर शिवण, खाली शिसव, आणि घट्ट बांधायच्या. टेबल साधारण पावणेचार अंशांनी कलतं करायचं. आता सगळं फूल एकाच दिशेने फिरवत कापलं की कापलेला तुकडा खाली निमुळता होत जातो. वरचं फूल खालच्या भोकापेक्षा किंचित मोठं ठरतं. किती मोठं? पात्याने खाल्लेलं ०.४ मिलिमीटर लाकूड भरून निघेल इतकंच. वरचं फूल खालच्या भोकात दाबलं की ते दोन्ही वरच्या पातळ्या जुळतात तिथे घट्ट अडकतं आणि भोवतीची फट नाहीशी होते. कोन चुकून कमी झाला, तर फूल आरपार खाली पडतं. जास्त झाला, तर वरच अडून बसतं. दिशा उलटली, तर निमुळतेपणाही उलटतो. म्हणून आधी त्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यांवर एक वर्तुळ कापून बघायचं आणि मगच चांगल्या लाकडाला हात लावायचा.

लेझरच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. लेझरची कड जळून काळी पडते, किरण सरळ खाली जातो आणि जाड लाकूड त्याला झेपत नाही. चाळीस मिलिमीटरचा ठोकळा दोन बाजूंनी कापणं किंवा पावणेचार अंशांचा जडाव ही दुकानातल्या लेझरची कामं नव्हेत. लग्नाच्या पत्रिकेसारख्या दोनशे सारख्या वस्तू हव्या असतील, तर खुशाल लेझरकडे जावं. एकच वस्तू हवी असेल, ती जाड लाकडाची, घट्ट सांध्याची आणि स्वतःच्या हातची हवी असेल, तर स्क्रोल सॉला अजून पर्याय नाही.

सुरुवात करणाऱ्याने लगेच यंत्र घेऊ नये. हाताची फ्रेटसॉ, डझनभर पाती आणि चार मिलिमीटरचं प्लायवूड एवढ्यावर दोन-तीन नमुने कापून बघावेत. पातं तुटल्यावर चिडचिड न होता दुसरं ओवावंसं वाटलं, तर पुढच्या महिन्यात सोळा इंची, बिनपिनेच्या पात्याचं, कमीजास्त वेगाचं यंत्र घ्यावं आणि पहिली पाटी घराच्याच दारावर लावावी.