वर्गातील डुलकी

गेल्या वर्षी आमच्या इयत्ता पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. सकाळची प्रार्थना आटोपून पहिला तास सुरू झाला, की पंधरा मिनिटांच्या आत त्याची मान खाली जावयाची. प्रथम आम्ही त्यास नावाने हाक मारली, पुढे बाकावर उभे केले, आणि अखेरीस त्याच्या प्रगतिपुस्तकात ‘आळशी आहे, लक्ष देत नाही’ असा शेरा लिहिला. शेरा वाचून त्याची आई दुसऱ्याच दिवशी शाळेत आली. ती रागावली नव्हती. तिने आपला मोबाईल पुढे केला व म्हणाली, “सर, हे जरा ऐका.” रात्री दोन वाजता टिपून ठेवलेला तो आवाज होता. आधी मोठे घोरणे. मग एकाएकी शांतता, आणि ती इतकी लांबली की ऐकता ऐकता आम्हीच श्वास रोखून धरला. मग बुडणारा मनुष्य पाण्यावर यावा तसा एक मोठा उसासा. “असं रात्रभर चालतं, सर. तो झोपतो कुठं?”

शेरा आम्ही खोडला. परंतु त्या मुलास आठ महिने आळशी म्हटले होते, ते खोडता येण्याजोगे नव्हते. म्हणून विद्यार्थ्यांनो व पालकहो, आमच्या ह्या मानखुर्दात नित्य आढळणाऱ्या श्वासाच्या, झोपेच्या व पोटाच्या तक्रारींविषयी, डॉक्टरांना विचारून व वाचून जे समजले ते येथे लिहीत आहो. ही तीन दुखणी आपण वेगवेगळी मानतो. खोकल्यासाठी एक औषध आणतो, पोटासाठी दुसरे, आणि झोपेसाठी मुलास रागे भरतो. रात्री मात्र ती तिन्ही एकाच अंथरुणात असतात. ज्यास दम लागतो त्यास झोप नाही. जो उशिरा जेवून आडवा होतो त्याच्या पोटातील आंबट रस घशाशी येऊन त्यास खोकला लागतो. आणि ज्याची झोप झाली नाही त्याची सकाळची भूक मेलेली असते. शिक्षकाच्या नजरेस पडते ती केवळ डुलकी.

त्या मुलाच्या नाकामागे, टाळूच्या वर, एक ग्रंथी वाढली होती. तीस अ‍ॅडिनॉइड म्हणतात. ती प्रत्येक मुलास असते, लहानपणी वाढते व वयात येता येता आपोआप आक्रसते. परंतु वारंवारच्या सर्दीने ती फार सुजली, तर नाकातून जाणाऱ्या हवेची वाट अडते आणि मूल तोंडाने श्वास घेऊ लागते. नाक हे केवळ वास घेण्याचे इंद्रिय नव्हे. ते हवा गाळते, ओली करते व कोमट करून फुप्फुसांकडे पाठविते. तोंडास ही कामे नीट येत नाहीत. शिवाय झोपेत घशाचे स्नायू सैल पडले की उरलेली वाटही मिटते व श्वास काही सेकंद थांबतो. रक्तातील प्राणवायू कमी होताच मेंदू त्या मुलास क्षणभर जागे करतो. मुलास त्याची आठवण राहत नाही, पण रात्रीतून अनेकदा असे झाले म्हणजे गाढ झोप अशी लागतच नाही. आणि शरीराची वाढ करणारा स्राव तर मुख्यतः गाढ झोपेतच पाझरतो. अशी सगळीच मुले पेंगतात असे नाही. काही दिवसभर चुळबुळ करतात, चिडतात, मारामाऱ्या करतात, काही मोठेपणीही अंथरूण ओले करतात. अशांसही आम्ही शिक्षक ‘खोडकर’ हाच शेरा देत आलो आहो. रोज मोठ्याने घोरणाऱ्या मुलास नाक-कान-घशाच्या डॉक्टरांस दाखवावे. ‘गाढ झोपला आहे, म्हणून घोरतो’ ही समजूत घरोघरी आहे, आणि ती चुकीची आहे.

दुसरा शत्रू दमा. ह्यात श्वासनलिकांच्या बारीक फांद्या आतून सुजतात व भोवतालचे स्नायू आवळले जातात. त्यामुळे श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. हा त्रास बहुधा मध्यरात्रीनंतर व पहाटे वाढतो, आणि म्हणून दिवसा तपासणाऱ्यास मूल ठणठणीत दिसते. दम्याचे कारण एकच नसते; पण तो ज्याने भडकतो त्या वस्तू मानखुर्दास शोधाव्या लागत नाहीत. १९२७ सालापासून मुंबईचा कचरा आमच्या शेजारी देवनारास पडत आला. २०१६ च्या जानेवारीअखेर त्या कचऱ्यास जी आग लागली, तिचा धूर अंतराळातून घेतलेल्या छायाचित्रांतही दिसला, आणि ह्या भागातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. धुरातील सर्वांत वाईट कण डोळ्यांस दिसतच नाहीत. केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाहूनही ते बारीक असतात, म्हणून नाकाच्या चाळणीतून निसटून फुप्फुसांच्या तळापर्यंत जातात.

परंतु सर्व दोष बाहेरच्या हवेवर टाकून आपण मोकळे होऊ नये. येथील लल्लूभाई कंपाऊंड व गोवंडीचे नटवर पारेख कंपाऊंड येथील पुनर्वसनाच्या इमारतींची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. दोन इमारतींमधील अंतर सुमारे तीन मीटर. त्यामुळे खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही, आणि क्षयाचे रोगी तेथे अधिक. घर कसे बांधावे हे भाडेकऱ्याच्या हाती नसते, हे आम्ही जाणतो. हाती असते ते एवढेच, की आहे ती खिडकी कपाटाने झाकू नये, स्वयंपाकाच्या वेळी ती उघडी असावी, आणि दार लावून डासांची कॉइल जाळू नये. खाडीकाठी डास फार, हे खरे. पण २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक कॉइल जळून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींतून निघणाऱ्या कणांइतके भरले. जो बाप मुलांसमोर विडी ओढीत नाही म्हणून अभिमान बाळगतो, तोच रात्री त्यांच्या उशाशी कॉइल पेटवितो. मच्छरदाणीस धूर नसतो.

दम्याच्या औषधाविषयी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे अवश्य आहे. ‘पंपाची सवय लागते’ ह्या भीतीने पुष्कळ पालक इन्हेलर नको म्हणतात व गोळ्या मागतात. वास्तविक गोळीतील औषध पोटातून साऱ्या शरीरभर फिरते व मिलिग्रॅमने मोजावे लागते. पंपातील औषध थेट श्वासनलिकेत जाते व मायक्रोग्रॅमने, म्हणजे हजाराव्या भागाने, मोजले जाते. पंप दोन प्रकारचे: एक दम लागताच आराम देणारा, दुसरा सूज उतरविणारा. दुसऱ्याने तात्काळ काही जाणवत नाही, म्हणून लोक तो सोडून देतात, आणि पुढच्या पावसाळ्यात मुलास रात्रीच्या वेळी रुग्णालयात न्यावे लागते. लहान मुलांस पंपापुढे लावावयाची नळी, जीस स्पेसर म्हणतात, ती डॉक्टरांकडून मागून घ्यावी. तीवाचून बरेचसे औषध तोंडातच राहते.

दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला दमाच असेल असे मात्र धरून चालू नये. सोबत ताप असेल, वजन उतरत असेल, तर क्षयाची तपासणी करावी. सरकारी व महापालिकेच्या केंद्रांत ती व औषधे विनामूल्य मिळतात, आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून रोग्याच्या आहारासाठी दरमहा १००० रुपये देण्याची व्यवस्था आहे. औषध साधारणतः सहा महिने घ्यावे लागते. दुसऱ्या महिन्यात बरे वाटू लागते, आणि तेथेच फसगत होते.

आता झोपेचे. सहा ते बारा वर्षांच्या मुलास ९ ते १२ तास, व त्यापुढच्या मुलामुलींस ८ ते १० तास झोप हवी. आम्ही आठवीच्या वर्गास एकदा विचारले, तेव्हा बहुतेकांचे उत्तर सहाच्या आसपास आले. मोबाईल हे कारण आहेच. त्याच्या उजेडाने मेंदूस अजून दिवसच आहे असे वाटते. परंतु एकटा मोबाईल दोषी नाही. कोणाच्या वस्तीत नळास पाणी पहाटे चार वाजता येते व हंडे मुलीच भरतात. कोणाचे वडील हार्बरच्या शेवटच्या गाड्यांपैकी एकीने परततात, आणि एका खोलीत दिवा लागला की सर्वच जागे होतात. अशा मुलीस पहिल्या तासाला डुलकी आली, तर तिला उभे करणाऱ्याने आधी तिच्या घरचे घड्याळ विचारावे. पाणी भरण्याची पाळी घरातील मुलगे व मोठी माणसे यांनीही घेतली, तर काय बिघडेल?

वडील घरी येईपर्यंत जेवावयाचे नाही, ही प्रेमाची रीत पुष्कळ घरांत आहे. साडेदहाला जेवण व अकराला अंथरूण. अन्ननलिका व जठर यांच्यामध्ये एक झडप असते; भरल्या पोटी आडवे झाले की तिच्यावर भार येतो, आणि आंबट रस वर चढतो. मूल रात्री खोकते, सकाळी तोंड कडू, भूक नाही, म्हणून चहा-खारीवर शाळेत; मधल्या सुट्टीत तिखट कुरकुऱ्यांचे पाकीट, आणि चौथ्या तासाला ‘सर, पोटात दुखतंय.’ लहानांस आठ वाजता जेवू घालावे, वडिलांसोबत त्यांनी हवे तर रविवारी बसावे.

पोटदुखीचे दुसरे कारण सांगावयास मुले लाजतात, विशेषतः मुली. शाळेतील वा वस्तीतील शौचकूप अस्वच्छ, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत व वेग आवरून धरतात. वारंवार असे केल्याने मळ कठीण होतो, आतडे ताणले जाते, आणि पुढे वेगाची जाणीवच मंद होते. हा दोष मुलींचा नव्हे. आमच्या शाळेत कित्येक महिने एका शौचकुपाची कडी मोडलेली होती, आणि आम्हा पुरुष शिक्षकांस ते ठाऊकच नव्हते.

पावसाळ्यातील जुलाबांविषयी थोडक्यात. जुलाबाने मनुष्य दगावतो तो पाणी व क्षार निघून गेल्याने. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ असता, शिरेतून द्यावयाचे सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून लोकांस पाजले, आणि सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांखाली आले. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ अधिक पडू देऊ नये. ओआरएसची पुडी मिळाल्यास तीच बरी. लहान मुलांस डॉक्टर सोबत जस्ताच्या गोळ्या १४ दिवस देतात. जुलाब थांबले म्हणून त्या सोडू नयेत.

१० फेब्रुवारी व १० ऑगस्ट ह्या दिवशी शाळेत जंताची गोळी देतात, तेव्हा निम्मी मुले गैरहजर असतात. अंकुशकृमी आतड्यास चिकटून रक्त पितो. रक्त कमी झाले की थकवा, धाप व पुन्हा तीच डुलकी. त्या दिवशी मुलांस शाळेत पाठवावे.

बोलता बोलता धाप लागणे, श्वासागणिक बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाणे, ओठ निळसर होणे, जुलाबात सहा-आठ तास लघवी न होणे, थुंकीतून वा शौचातून रक्त पडणे, ह्यांपैकी काही दिसल्यास घरगुती उपायात वेळ न दवडता १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी किंवा थेट गोवंडीचे शताब्दी वा घाटकोपरचे राजावाडी गाठावे.

इतर वेळी डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी आठवडाभर एक वही ठेवावी: मूल किती वाजता जेवले, केव्हा झोपले, किती वेळा उठले, घोरले की खोकले, सकाळी काय खाल्ले. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांस एका रोग्यापाठी फार तर चार-पाच मिनिटे मिळतात, आणि गोंधळलेल्या आईस तेवढ्यात काही आठवत नाही. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या आईने वही लिहिली नव्हती, तिला फारसे लिहिता येत नाही. तिने आवाज टिपला, आणि डॉक्टरांनी तो दोनदा ऐकला. दिवाळीच्या सुट्टीत मुलाची शस्त्रक्रिया झाली. तो आता सहावीत आहे, आणि पहिल्या तासाला इतका बोलतो, की त्यास गप्प बसविण्यासाठी आम्हांस उभे करावे लागते.