बग परवडला, अपडेट नको!

डेबियन १३ ही लिनक्स प्रणाली ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली. तिचा फ्रीझ, म्हणजे नवे बदल रोखण्याचा काळ, मात्र मार्चपासूनच टप्प्याटप्प्याने आवळत गेला होता. अशा काळात एखाद्या पॅकेजमध्ये बग सापडला, तर सरळ ताजी आवृत्ती उचलून बसवावी असं वाटतं. पण तिच्यात दुरुस्तीबरोबर भलतेच बदलही येतात, आणि ते तपासायला वेळ उरलेला नसतो. म्हणून रिलीज टीम जुन्या-नव्या कोडमधला फरक ओळीओळीने मागते. जुन्याच आवृत्तीत नेमकी दुरुस्ती केली, तर परवानगी मिळणं सोपं.

हा काच अनेकांना जाचतो. पण घाईची अपडेट किती महागात पडू शकते, हे एका प्रसंगाने दाखवलं.

मार्च २०२४मध्ये उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या २४.०४ आवृत्तीचा बीटा तोंडावर असताना ‘एक्सझेड’ या फाइली आकुंचित करणाऱ्या पॅकेजची ५.६.१ आवृत्ती, बग काढल्याचं सांगत, घाईने पुढे रेटली जात होती. २९ मार्चला सॉफ्टवेअर अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांनी तिच्यात आणि आधीच्या ५.६.०मध्ये चोरवाट असल्याचं उघड केलं. डेबियनने ‘५.६.१+रिअली५.४.५’ अशा अजब क्रमांकाखाली जुना कोड परत आणला, कारण क्रमांक उलटा नेला तर अपडेट पोहोचतच नाही! उबुंटूने बीटा आठवडाभर पुढे ढकलला आणि संशयित काळातली पॅकेजं नव्याने बांधायला घेतली.