शुक्रवारची रात्र की शनिवार?

शुक्रवारी रात्री जेवून निघायचं, बस साडेबाराची. अ‍ॅपवर तारीख कुठली टाकायची? घड्याळाच्या हिशेबाने शनिवार लागलेला असतो, पण आपल्या बोलण्यात ती शुक्रवारचीच रात्र. शुक्रवार निवडला, तर ती बस आदल्या रात्रीच निघून गेलेली असते आणि तिकिटाचे पैसे वाया जातात.

अशा अडखळण्याच्या जागा हेरण्यासाठी वापरसुलभता चाचणी घेतात, म्हणजे माणसांना अ‍ॅप वापरायला देऊन बघतात. आधी ठरवायचं, नेमकं काय तपासायचंय. मग माणसं निवडायची. संशोधक जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉअर यांनी १९९३ साली मांडलेल्या गणितानुसार एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात, पाच जणांकडून सुमारे ८५ टक्के. म्हणून पंधरा जणांची एकच चाचणी घेण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या बऱ्या. मधल्या काळात दुरुस्ती करता येते. हे पाच जण मात्र ऑफिसातले सहकारी नकोत, खरोखर प्रवास करणारे हवेत.

खरं कसब आहे ते काम सांगण्यात. ‘शनिवारची तारीख निवडा’ म्हटलं की उत्तरच हाती दिलं. त्याऐवजी सांगावं, ‘शनिवारी सकाळी कोल्हापुरात लग्न आहे, शुक्रवारी रात्री जेवून निघा. मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा.’ आणि आपण गप्प बसावं. कॅलेंडरवर बोट थबकलं, तरी मदतीला धावू नये. ते थबकणंच टिपायचं असतं.

अ‍ॅप बनवणाऱ्यांना एक विनंती: साडेबाराच्या बसपुढे ‘शुक्रवारी मध्यरात्रीनंतर’ एवढे दोन शब्द आजच लिहा.