ट्रायकोकार्ड लावलं, तरी अळी कशी?

बडोदा जिल्ह्यातल्या करजण, डभोई, शिनोरकडच्या काळ्या जमिनीत कपाशीला पात्या-फुलं लागली, की हे हमखास कानावर येतं : मित्रकीटक वगैरे पुस्तकातल्या गोष्टी, त्यांनी अळी मरत नाही.

खरंच मरत नाही. ट्रायकोग्रामा अळीच्या वाटेलाच जात नाही. मिलिमीटरभरही नसलेला हा कीटक पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालतो. आतलं पिल्लू ते अंडं पोखरून खातं, अंडं काळं पडतं आणि अळी जन्मालाच येत नाही. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरल्यावर कार्ड लावणं म्हणजे वरातीमागून घोडं. कार्डावर तांदळातल्या पतंगाची साधारण 20,000 अंडी चिकटवलेली असतात. त्यांतच ट्रायकोग्रामा वाढत असतो. एकरी तीन कार्डं पुरतात. पट्ट्या कापून त्या संध्याकाळच्या वेळी पानांच्या खालच्या अंगाला टाचायच्या. कार्ड दुपारभर उन्हात राहिलं, मुंग्यांनी गाठलं किंवा दुसऱ्याच दिवशी फवारणी झाली, तर पैसे पाण्यात. दुकानदार हे सांगतोच असं नाही.

कार्ड कधी लावायचं, ते मादीच्या गंधाने पतंग ओढणारा कामगंध सापळा सांगतो. सापळ्यांनीच कीड संपेल ही समजूत मात्र चुकीची. त्यात फक्त नर अडकतात, आणि हेक्टरी पाच सापळे असतात ते अंदाज घेण्यासाठी. पतंग दिसू लागले की कार्ड लावावं. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग पडले, तर नुकसानीची पातळी ओलांडली असं समजतात. पाकळ्या न उमलता गुंडाळून राहिलेली डोमकळी दिसली, तर ती तोडून अळीसकट नष्ट करावी. याला खर्च नाही, म्हणूनच बहुधा कुणी करत नाही.

‘बीटी आहे, मग काळजी कसली?’ हा समज तर गुजरातनेच खोटा पाडला. बोंडअळीला मारणारं विष स्वतःच बनवणाऱ्या या बीटी कापसाला परवानगी मिळाली 2002 मध्ये. 2010 मध्ये खुद्द बियाणं-तंत्रज्ञान विकणाऱ्या कंपनीने जाहीर केलं, की अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोटमधली गुलाबी बोंडअळी पहिल्या पिढीच्या बीटीला दाद देत नाही. बियाण्याबरोबर बिगर-बीटीचं 120 ग्रॅमचं पाकीट मिळायचं. ते कडेने पेरायचं होतं, म्हणजे तिथे वाढलेल्या साध्या अळ्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळले असते आणि प्रतिकार पसरायला वेळ लागला असता. बहुतेक पाकिटं बांधावरच राहिली. वेचणीनंतरही फेब्रुवारी-मार्चपर्यंत कपाशी उभी, म्हणजे फरदड, ठेवण्याच्या मोहानेही अळीला बारमाही खानावळ मिळाली.

झाडपाल्याचं औषध निर्धोक, हा आणखी एक भ्रम. शेजारच्या चरोतरात तंबाखू मुबलक, त्यामुळे तंबाखूचा काढा सहज बनतो. पण निकोटीन मित्रकीटकांनाही मारतं, आणि फवारणाऱ्याच्या कातडीतून अंगातही भिनतं.

तणाचंही असंच. गाजरगवतावर सोडलेला मेक्सिकन भुंगा पिकं खाईल, अशी भीती सूर्यफुलावर तो दिसल्यावर 1990च्या दशकात पसरली होती. तपासणीत ती निराधार ठरली. भुंगा भारतात आणला तोच चाचण्या करून, 1983 च्या सुमारास. त्याची मर्यादा वेगळीच आहे. पावसाळ्यात तो गवताची पानं फस्त करतो आणि थंडीत जमिनीत जाऊन झोपतो. गाजरगवत मात्र ओल मिळेल तेव्हा उगवतं. म्हणून पाटाच्या कडेचं गवत फुलण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावंच लागतं.