शिळेवर उमटलेले देव

राजा रविवर्मा यांचे खरे मोठेपण संस्थानिकांच्या महालांतल्या तैलचित्रांपेक्षा त्यांच्या छापखान्यात शोधावे. १८९४ साली त्यांनी मुंबईत लिथोग्राफीचा, म्हणजे शिळाछपाईचा प्रेस काढला. यंत्रे जर्मनीची आणि जाणकार कारागीरही तिथलेच. पहिले छापील चित्र होते शकुंतलेच्या जन्माचे. मेनका तान्ह्या मुलीला पुढे करते आहे आणि विश्वामित्र हात उंचावून तिला नाकारतो आहे.

पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याने १८७८ पासूनच देवादिकांची रंगीत चित्रे घरोघर पोचवली होती. रविवर्म्यांनी मात्र पुराणातल्या अद्भुताला हाडामांसाचे वजन दिले. रावण जटायूचा पंख छाटतो तेव्हा पिसे हवेत विखुरतात आणि सीता डोळे झाकून घेते. अप्सरेच्या पदराला चुण्या पडतात, तिच्या पावलांखाली सावली येते.

हे सगळे शिळेवर उतरवणे जिकिरीचे होते. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर चरबीयुक्त शाईने रेखाटन करायचे. मग दगड ओला करायचा. पाणी कोऱ्या भागात मुरते आणि छपाईची तेलकट शाई फक्त रेखाटनाला धरते. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा लागते. एकाच कागदावर हे रंग पाठोपाठ चढवायचे. एखादी शिळा केसभर सरकली, तर लक्ष्मीच्या ओठांचा लाल तिच्या गालावर जायचा! शेवटी वरून व्हार्निश, म्हणजे तैलचित्राची चकाकी.

त्याच शतकात फ्रान्सचा गुस्ताव्ह डोरे दान्तेचा नरक पुस्तकांत चितारत होता. पण युरोपातल्या वाचकाने ती पाने चाळून मिटली. इथे चित्राला चौकट बसली, त्यावर हळदकुंकू वाहिले गेले. काही घरांत लक्ष्मीच्या साडीवर खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या गेल्या. छापील कागदाला देव्हाऱ्यात जागा मिळाली, ही त्या काळातली फार मोठी घटना आहे.

प्रेस पुढे घाटकोपरला, मग १८९९ च्या सुमारास लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. कर्जाच्या ओझ्यामुळे रविवर्म्यांना तो जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायकर यांना विकावा लागला.

याच प्रेससाठी फोटो-लिथोचे काम करणारे दादासाहेब फाळके १९०८ मध्ये दादरला आले आणि त्यांनी लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स चालवले. ते जादूचे प्रयोगही करत. 'फाळके' उलटे वाचून 'प्रोफेसर केळफा' हे नाव त्यांनी घेतले होते. छपाई आणि जादू या दोन्ही विद्या त्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटात एकत्र आल्या. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात तो लागला, तेव्हा विश्वामित्राच्या यज्ञातल्या ज्वाळांत अडकलेल्या तीन शक्ती प्रेक्षकांनी पडद्यावर हलताना पाहिल्या.